आरक्षण उत्पन्न पाहतच नाही का?
‘आरक्षण केवळ जात पाहते, गरिबी कधीच पाहत नाही,’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. वस्तुतः केंद्रात इतर मागासवर्गीयांना १९९३ पासून उन्नत गटाची (क्रिमिलेअरची) अट लागू आहे, म्हणजे त्यांच्यातील उत्पन्न वा पदाने पुढारलेल्या कुटुंबांना आरक्षण मिळत नाही. २०१९ च्या १०३व्या घटनादुरुस्तीने तर अन्य आरक्षणात न येणाऱ्या आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्क्यांपर्यंत जागांची तरतूद केली. अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणाला उत्पन्नाची सरसकट अट नाही, हे खरे. परंतु अनुसूचित जातींबाबत त्यामागे अस्पृश्यतेचा इतिहास आहे, आणि पगार वाढला म्हणून जात विचारून घर नाकारले जाणे थांबत नाही. पडताळणीसाठी संविधानातील अनुच्छेद १५(६) व १६(६) वाचावेत, तसेच प्रवेशअर्जात नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात न मोडण्याचे) प्रमाणपत्र कोणाकडे मागितले जाते, तेही पाहावे.