जिनची बॉटनिकल्स म्हणजे मसाल्याचा डबाच की

धुळ्याच्या घरी ओट्यावर काचेची बरणी, त्यात व्होडका, आणि व्होडकात घरच्या जिनची बॉटनिकल्स, म्हणजे स्वादासाठी घालायच्या बिया-साली-फळं: धणे, लिंबाची साल, दालचिनीचा तुकडा नि काळपट निळी फळं. आजीने बरणी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "हाई काय शे रे भाऊ, काढा शे का?" तेव्हा हसलो. नंतर जिनचा इतिहास वाचायला बसलो तर आजीचंच बरोबर निघालं, जिन सुरू झाली ती औषध म्हणूनच.

ती निळी फळं म्हणजे ज्युनिपर. खरं तर फळ नाहीच ते, पाइनच्या लांबच्या नात्यातल्या झुडपाचा मांसल शंकू. आपल्याकडे हिमालयात होतो, आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात आणि देतात पोटाच्याच तक्रारींवर. तिकडे नेदरलँड्स-बेल्जियमच्या पट्ट्यातही पोट, लघवी असल्या दुखण्यांवर ज्युनिपर चालायचं, प्लेगच्या साथीत घराघरात त्याचा धूरही करायचे. धान्याची कच्ची उग्र दारू तशीच घशाखाली उतरायची नाही, मग त्यात हे औषधी फळ घालून झाली येनेव्हर, आणि पुढे इंग्रजांच्या तोंडी तेच नाव तुटत तुटत जिन झालं. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की सिल्व्हियस नावाच्या डच प्राध्यापकाने जिन शोधली. पण तो जन्मला १६१४ ला, आणि डच सरकारने या दारूवर कर लावला १६०६ ला, आता तुम्हीच काय ते ठरवा.

१६०२ ला डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि जायफळ, लवंग, दालचिनी, वेलची त्यांच्या बंदरात यायला लागली. इथे आपल्याला मोह होतो म्हणायचा की सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपड्यावरून जायचा म्हणजे जिनचा मसाला खान्देशातूनच गेला असणार. तसं काही नाही. या रस्त्याने मुख्यतः कापड नि नीळ जायची, मसाला मलबार, सिलोन आणि पूर्वेकडच्या बेटांवरून थेट जहाजाने जायचा. पण याच रस्त्याने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये नवापूरबद्दल लिहून गेलाय की इथला तांदूळ बारीक असतो आणि शिजला की कस्तुरीसारखा वास सुटतो. म्हणजे वासाच्या बाबतीत आपला भाग तेव्हाही मागे नव्हता एवढं म्हणायला हरकत नाही!

जहाजावर महिनोन्महिने टिकायचं म्हणून मसाला वाळलेलाच जायचा, आणि जिनची पद्धत त्या वाळलेल्या मालावरच बसली. आजही धणे, मुळं, साली बहुतेक वाळवलेल्याच घेतात, बुरशी धरत नाही, पाण्याचा अंश कमी म्हणून प्रमाण दरवेळी सारखं राहतं. सगळ्यात चिकाटीचं काम ऑरिस रूटचं, ते आयरिस फुलझाडाचं मूळ, काढल्यावर दोन-तीन वर्षं वाळवत ठेवतात तेव्हा कुठे त्याला व्हायोलेट फुलांचा वास येतो. आपण लोणच्याला आठवडाभर थांबत नाही.

लंडनची कथा मात्र वाईट आहे. १६८९ ला हॉलंडचा विल्यम तिथल्या गादीवर आला, पुढच्या वर्षी धान्यापासून दारू काढायला मोकळं रान मिळालं आणि गरीब वस्त्या जिनमध्ये बुडाल्या. ज्युनिपर परवडत नाही म्हणून टर्पेंटाइन घालायचे (वासाचं घराणं एकच, दोन्हीत पाइनिन हे वासाचं द्रव्य), तिखटपणाला सल्फ्युरिक ॲसिड! १७५१ च्या कायद्याने जरा लगाम बसला. खरा फरक पडला १८३० ला, एनिअस कॉफी या आयरिश माणसाने उभ्या कॉलमच्या भट्टीचं पेटंट घेतलं तेव्हा. गंमत म्हणजे गडी आधी एक्साइज खात्यातच होता. या भट्टीतून दारू इतकी स्वच्छ निघायची की वास झाकायला साखर ओतायची गरज उरली नाही आणि धणे-सालीचा स्वाद वेगळा कळायला लागला, तीच पुढे लंडन ड्राय जिन.

घरी मुरवायची पद्धत गाजली अमेरिकेच्या दारूबंदीत, १९२० ते १९३३. मिळेल त्या अल्कोहोलमध्ये ज्युनिपरचं तेल घालायचं, झाली बाथटब जिन. भट्टी नाही, नुसतं मुरवणं. आणि इथेच आपली मसाल्याची सवय नडते. काळ्या मसाल्याला आपण धणे खमंग भाजतो, जिनला भाजायचे नाहीत, धण्याचा तो लिंबासारखा हलका वास तव्यावरच उडून जातो. खलबत्त्यात दोन टोले, दाणा फुटला की बस, पूड नको. लिंबाची साल बटाट्याच्या सोलाण्याने पातळ काढायची, आतलं पांढरं आलं की कडू. मी पहिल्यांदा सहा वेलच्या ठेचून दोन दिवस ठेवल्या, रंग आला पिवळट आणि चव थेट बासुंदीची. वेलची शेवटी टाकायची, पाच-सहा तास खूप झाले.

जिन-टॉनिकची (टॉनिक म्हणजे हिवतापावरच्या क्विनाइनचं कडू पाणी) खान्देशी गोष्ट रंगवून सांगणारेही भेटतात, की धरणगावला भिल्ल कोअर म्हणजे भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी आउट्रम साहेब सातपुड्याच्या हिवतापावर तेच प्यायचा. त्याने कोअर उभारली १८२५ ला, टॉनिक वॉटरचं पेटंट झालं १८५८ ला. जाऊ द्या.

इंग्रजांनी आपल्याकडे आणलं ते वेगळंच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची मोहाची दारू बेकायदा झाली आणि ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची वेळ आली. १९२२ च्या सुमारास देवीची चळवळ (देवीच्या नावाने दारू सोडायची) पसरली तेव्हा खान्देशातल्या आदिवासींनी दारू सोडून त्या दुकानांकडेच पाठ फिरवली. घरी भट्टी लावणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आजही गुन्हाच, म्हणून माझी उडी बरणीपर्यंतच.

पुढच्या बरणीत मूठभर मोहफुलं टाकायचा विचार आहे. अक्कलकुव्याच्या मित्राने दिलीत, पहाटे झाडाखाली वेचून अंगणात वाळवलेली, बेदाण्यासारखी लालसर चिकट. तो म्हणतो आधी आतले केसर काढ मग टाक. त्यामुळे सध्या पेपर पसरून एकेक फूल निवडत बसलोय, आणि समोर आजीही बसलीय, तिचा हात माझ्या दुप्पट चालतोय.