येशूचा धर्म कोणता? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

येशू ख्रिस्त ज्यू होता, असे आज कोणत्याही चर्चमधल्या प्रवचनात म्हटले तर कोणी दचकत नाही. १९३९ साली जर्मनीत हेच वाक्य बोलायला धाडस लागत होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात आयसेनाख या गावी प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी एक संस्था सुरू केली. जर्मन चर्चमधून ज्यू प्रभाव उपटून काढणे, हे तिचे उघड उद्दिष्ट होते. पुढच्याच वर्षी तिने बायबलमधल्या नव्या कराराची स्वतःची आवृत्ती काढली आणि तीत येशूच्या ज्यूपणाच्या खुणा जमतील तितक्या पुसल्या. येशूच्या गालील प्रांताची वस्ती मुळात ज्यू नव्हतीच, तेव्हा गालीलचा येशूही ज्यू नसणार, असा या मंडळींचा युक्तिवाद होता. हे माथेफिरू नव्हते. विद्यापीठात नवा करार शिकवणारे प्राध्यापक त्यांत होते, आणि युद्ध संपल्यावर त्यांतल्या काहींना चर्चने पुन्हा कामावर घेतले.

हा प्रश्न इतक्या थराला जाण्याइतका गुंतागुंतीचा खरे तर नव्हता. शुभवर्तमाने वाचणाऱ्या कोणालाही उत्तर सापडते. आठव्या दिवशी सुंता झाली, शब्बाथाला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शनिवारी, तो सभास्थानात जाई, वल्हांडणाच्या सणासाठी यरुशलेमला गेला, परुशी या ज्यू पंथाच्या लोकांशी वाद घातला तोही नियमशास्त्राचा अर्थ कसा लावायचा यावर. नवा धर्म काढतो आहे, असे तो कुठेही म्हणत नाही. त्याच्यानंतर शिष्य मंदिरात प्रार्थनेला जातच राहिले. फाटा फुटला तो पौल या प्रेषिताच्या प्रवासांत. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ताकडे येताना सुंता करून घ्यायची की नाही, या वादात पौलाची बाजू वरचढ ठरली आणि इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यावर दोन्हीकडची माणसे आपापल्या वाटेने गेली. हे एका दिवसात झाले नाही. कुठे शंभर वर्षे लागली, कुठे तीनशे.

ज्यूंच्या बाजूने पाहिले तर अडचण येशूच्या जन्माची नव्हतीच. मशीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा, येईल तेव्हा इस्राएलचे राज्य पुन्हा उभे राहील, शांती नांदेल. रोमच्या क्रूसावर मेलेला माणूस त्या वर्णनात बसत नव्हता. त्याला देव मानणे तर एकेश्वरवादाच्या मुळावरच येत होते. ख्रिस्ती बाजूने दुरावा पक्का केला तो सत्ता हाती आल्यावर. ३२५ सालची निकियाची परिषद पुत्राच्या देवत्वासाठी आठवली जाते. तिथे आणखी एक निर्णय झाला, ज्याकडे कमी लक्ष जाते: ईस्टरची तारीख ठरवण्यासाठी ज्यूंच्या वल्हांडणाकडे पाहायचे नाही. नंतर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावाने जे पत्र फिरले त्यात ज्यूंशी काहीही सामाईक नको, अशी भाषा आहे. ज्या सणाच्या दिवसांत येशू मारला गेला, त्याच सणापासून त्याच्या मरणाची आठवण तोडली गेली.

इस्लामने हा पेच वेगळ्याच ठिकाणाहून सोडवला. कुराणात ईसा हे नाव सुमारे पंचवीस वेळा येते, मरियमच्या नावाने अख्खा एक सूरा, म्हणजे अध्याय, आहे. कुमारीच्या पोटी जन्म, आजाऱ्यांना बरे करणे, 'मसीह' ही पदवी, हे सारे मान्य. देवाचा पुत्र असणे अमान्य, आणि बहुसंख्य मुसलमानांच्या समजुतीप्रमाणे क्रूसावरचा मृत्यूही अमान्य. अल्लाहने त्याला वर उचलून घेतले. मग तो कोण? कुराण इब्राहिमविषयी सांगते की तो ना यहुदी होता ना ख्रिस्ती, तो अल्लाहला शरण गेलेला, म्हणजे 'मुस्लिम', होता. ईसाचे हवारी, म्हणजे शिष्य, हाच शब्द स्वतःविषयी उच्चारतात. म्हणजे पैगंबरांच्या साखळीतला प्रत्येक जण मुस्लिमच, महंमद पैगंबरांच्या आधीचा असला तरी. काळाच्या शेवटी ईसा परतेल ही श्रद्धाही आहे, आणि दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या एका मिनाराला आजही ईसाचा मिनार म्हणतात.

आपल्याकडे हा वाद फारसा झालाच नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे: येशू इथे आला तो युरोपच्या जहाजांतून, त्याचे ज्यूपण मागेच राहिले होते. जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका इंग्रज पाद्र्याने मराठीत ओवीबद्ध रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला रोमन लिपीत छापले गेले. त्यात जुन्या कराराची कथा भरपूर आहे, पण ऐकणारा साष्टीचा नवख्रिस्ती होता आणि स्वर्गाला तिथे वैकुंठ म्हटले आहे. कोकणातल्या शनिवार तेल्यांचा, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंचा, या येशूशी काही संबंध असेल हे त्या श्रोत्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तो संबंध पुढे एकोणिसाव्या शतकात जुळला, तोही उलट्या बाजूने. मुंबईतल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याने बेने इस्राएल विद्यार्थ्यांसाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांच्या शाळांत ही मुले हिब्रू आणि मराठी बायबल शिकली आणि बहुतेक सगळी अधिक पक्की ज्यू होऊन बाहेर पडली. मिशनऱ्यांना हे अपेक्षित नसावे.

बाकी भारतात येशूला आपापल्या घरात घेण्याचीच रीत. १८६६ मध्ये कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी तो आशियाई होता हे ठासून सांगितले. जोतीराव फुल्यांनी त्याला बळीराजाच्या पंक्तीत बसवले. रामकृष्ण मठांत नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याची पूजा होते. अहमदिया पंथाच्या संस्थापकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, येशू क्रूसावरून जिवंत उतरला आणि काश्मिरात वारला, असे मांडले. श्रीनगरच्या खन्यार भागातली रोजाबल ही कबर त्यांनी त्याची मानली. इतिहासकारांना यात काही आधार दिसत नाही, पर्यटकांना दिसतो.

युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात ज्यू अभ्यासकच येशूला परत मागू लागले होते. येशू परुश्यांच्याच परंपरेतला होता, असे १८६० च्या दशकात एका जर्मन रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, लिहिले, तेव्हा ख्रिस्ती प्राध्यापक खवळले. १९२२ साली यरुशलेममध्ये येशूचे चरित्र हिब्रूत निघाले, आणि ज्यू व ख्रिस्ती असे दोन्हीकडचे सनातनी त्याच्यावर तुटून पडले. १९३८ मध्ये मार्क शागालने क्रूसावरचा येशू रंगवला, तो कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल गुंडाळलेला, बाजूला जळणारे सभास्थान. आयसेनाखची संस्था याच्या दुसऱ्याच वर्षीची आहे.

युद्धानंतर कॅथलिक चर्चला उत्तर द्यावेच लागले. व्हॅटिकनच्या परिषदेत इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीचा मसुदा चार-पाच वर्षे घासला गेला. अरब सरकारांना त्यात इस्राएलच्या मान्यतेचा वास आला. अरब देशांतल्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांना आपल्या माणसांच्या जिवाची काळजी होती. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी तो मंजूर झाला. ख्रिस्त, त्याची आई आणि प्रेषित ज्यू लोकांतून आले, त्याच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येत नाही, असे त्यात आले. मुसलमान येशूला देव मानत नसले तरी पैगंबर म्हणून त्याचा आदर करतात, हेही त्याच कागदात आहे. गंमत अशी की १ जानेवारीचा येशूच्या सुंतेचा सण पाच वर्षे आधीच, १९६० मध्ये, रोमन दिनदर्शिकेतून नावापुरता का होईना गेला होता.

आता या सगळ्यातला जो प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो, त्याकडे यायला हवे. तो या मंजुरीच्या तीन वर्षे आधीचा, आणि तो धर्मसभेत नाही, इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात घडला.

पोलंडमध्ये ज्यू आईबापांच्या पोटी जन्मलेला एक तरुण युद्धात आपली ओळख लपवून मीर गावी जर्मन पोलिसांचा दुभाषी झाला. तिथल्या ज्यूंच्या कोंडवाडा-वस्तीवर हल्ला कधी होणार ही बातमी त्याने आतल्या लोकांना पोचवली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये सुमारे तीनशे ज्यू जंगलात निसटले. तो स्वतः एका कॉन्व्हेंटमध्ये लपला. तिथे त्याने बाप्तिस्मा घेतला आणि युद्धानंतर कॅथलिकांच्या कार्मेलाइट संघात धर्मगुरू झाला. १९५९ मध्ये पोलिश नागरिकत्व सोडून तो इस्राएलमधल्या हैफाला आला आणि ज्यूंना तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्याखाली ज्यू म्हणून हक्क मागू लागला. माझा धर्म कॅथलिक, माझे राष्ट्र ज्यू, एवढेच त्याचे म्हणणे.

सरकारने नकार दिला. त्याआधीच्या वर्षी, १९५८ मध्ये, 'ज्यू कोण' यावरून तिथले मंत्रिमंडळ हादरले होते. पंतप्रधानांनी जगभरच्या सुमारे पन्नास विद्वानांना पत्रे लिहून मते मागवली होती. ठरले ते असे की स्वतःला ज्यू म्हणवणारा दुसऱ्या धर्माचा असता कामा नये. धर्मगुरूने याला आव्हान दिले आणि डिसेंबर १९६२ मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल लागला.

निकालाची तर्करीत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे अर्जदार ज्यूच आहे, हे बहुमताने नाकारले नाही. पाप केले तरी इस्राएली तो इस्राएलीच, असे तालमूद या ज्यू धर्मग्रंथातले वचन आहे. ज्यू आईच्या पोटी जन्मलेला धर्म बदलूनही ज्यूपणातून सुटत नाही. पण परतीचा कायदा हा संसदेचा, ऐहिक कायदा. त्यातल्या शब्दाचा अर्थ रब्बींना विचारायचा नाही, रस्त्यावरच्या साध्या ज्यू माणसाला विचारायचा. आणि ख्रिस्ती झालेल्याला तो साधा माणूस ज्यू म्हणणार नाही. धर्मशास्त्र ज्याला आत ठेवते त्याला ऐहिक कायदा बाहेर काढतो, हे उफराटे चित्र त्या दिवशी तयार झाले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणे होते की माणूस प्रामाणिकपणे स्वतःला ज्यू म्हणतो, तेवढे पुरे. दार ठोठावणाऱ्याचा झगा आणि क्रूस पाहून दार लावू नये. मला त्यांचा तर्क जास्त सरळ वाटतो. याच न्यायमूर्तींनी पुढे येशूच्या खटल्यावर आणि मृत्यूवर हिब्रूत ग्रंथ लिहिला, हा योगायोग म्हणावा असे वाटत नाही.

१९७० मध्ये संसदेने व्याख्या कायद्यातच लिहिली: ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा ज्यू धर्म स्वीकारलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. ही फूटपट्टी येशूलाच लावून पाहा. आई ज्यू, सुंता झालेली, दुसरा धर्म तर तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो बिनदिक्कत पास होतो. त्याच्यावर विश्वास ठेवणारा ज्यू आईचा मुलगा मात्र नापास. येशूला मशीहा मानणारे आणि तरी स्वतःला ज्यू म्हणवणारे एक जोडपे न्यायालयात गेले. पहिले शिष्य असेच होते, हा अशा लोकांचा नेहमीचा मुद्दा. १९८९ मध्ये त्या जोडप्याचाही अर्ज फेटाळला गेला.

याच कायद्यातल्या एका कलमाने पुढे भलताच वळसा दिला. ज्यूचा मुलगा, नातू, जोडीदार यांनाही येण्याचा हक्क आहे. धर्म बदललेल्या ज्यूला नाही. काही अर्जदार याच कलमाच्या आधारे पुढे आले. त्यांचे वडील ज्यू, आई नाही. म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे ते मुळात ज्यू नव्हतेच, आणि जो ज्यू नव्हता त्याने ज्यू धर्म सोडला असे कसे म्हणायचे? २००८ मध्ये न्यायालयात त्यांचा हक्क मान्य झाला. येशूला मशीहा मानणाऱ्याची आई ज्यू असेल तर दार बंद आणि फक्त बाप ज्यू असेल तर उघडे, अशी आजची स्थिती आहे. हैफाच्या त्या धर्मगुरूला नागरिकत्व मिळाले ते साध्या परदेशी माणसाला मिळते त्या मार्गाने. हिब्रू बोलणाऱ्या कॅथलिकांची एक छोटी मंडळी सांभाळत १९९८ मध्ये तो तिथेच वारला.