मिरर डिंगी

मिरर डिंगी ही घरच्या घरी बांधता यावी म्हणून ब्रिटनमध्ये १९६२ साली आखलेली प्लायवुडची छोटी शिडाची होडी होय. लांबी ३.३० मीटर, रुंदी १.३९ मीटर, शीड-डोलकाठीविना वजन सुमारे ४५ किलो, म्हणजे मोटारीच्या टपावर नेण्याजोगे. आराखडा जॅक होल्ट यांचा, तर जोडणीची सोपी पद्धत टेलिव्हिजनवर घरदुरुस्ती शिकवणाऱ्या बॅरी बकनेल यांनी आणली. ‘डेली मिरर’ या दैनिकाने ती लोकांपुढे आणली, म्हणून हे नाव आणि शिडांचा तांबडा रंग. १९६३ मध्ये होडीचे सुटे भाग ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळत. नौकानयन ही तोवर सुखवस्तू घरांची हौस होती. या होडीने ती कामगाराच्या घरात नेली, आणि हेच तिचे खरे कर्तृत्व. आजवर अशा ७०,००० हून अधिक होड्या झाल्या आहेत.

पारंपरिक बांधणीत पठाण (होडीच्या तळाचा कणा), वाक (आतल्या बाकदार फासळ्या) आणि फळ्या यांना नेमका बाक देणे हे मुरलेल्या कारागिराचेच काम. मिररचा आकार मात्र प्लायवुडच्या कापातच असतो. तक्त्यांच्या कडांना जोडीजोडीने भोके पाडून तांब्याच्या तारेचे टाके घालतात. टाके आवळत गेले की सपाट तक्ते वळून होडी आपोआप उभी राहते. सगळे तक्ते जागेवर येईपर्यंत तारा सैलच ठेवायच्या असतात. मग होडीवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून मागून पाहायचे: त्या समांतर दिसल्या नाहीत तर सांगाड्याला पीळ आहे. तो तेव्हाच काढावा लागतो, कारण रेझिन (सुकल्यावर टणक होणारा चिकट द्रव) सुकल्यावर निघत नाही. नंतर आतल्या सांध्यांवर काचतंतूची (फायबरग्लासची) पट्टी रेझिनने चिकटवतात, बाहेरच्या तारा छाटतात आणि बाहेरूनही पट्टी लावतात. अजिंठ्यातील चित्रावरून बांधलेल्या, २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ जहाजाच्या फळ्या काथ्याच्या टाक्यांनीच कायम धरलेल्या आहेत. मिररमध्ये मात्र टाका तात्पुरता, भार पट्टीवर.

सुरुवातीला पॉलिएस्टर रेझिन वापरत. लाकडावर त्याची पकड बेताची, त्यामुळे जुन्या होड्यांच्या पट्ट्या सुटतात. आता इपॉक्सी हे जास्त घट्ट धरणारे रेझिन वापरतात. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय घासकाम केले तर रेझिनचा किंवा रंगाचा पुढचा हात धरत नाही. कोकणच्या पावसाळ्यात कुणी हे काम काढले तर त्याने हे विसरू नये.

होडीचे आयुष्य ठरते ते रंग-व्हार्निशच्या शेवटच्या हातांवर. हवाबंद कप्पे बुडण्यापासून वाचवतात, पण वरचा तक्ता बसला की आत हात पोचत नाही. म्हणून त्यांना आधीच आतून व्हार्निश द्यावे लागते. प्लायवुडच्या उघड्या कडा पाणी पितात, त्या आधी बंद कराव्यात. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, तेव्हा वर रंग किंवा व्हार्निश हवेच. प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा आणि पुढच्या हाताआधी बारीक पॉलिशपेपर फिरवावा. घाई इथेच नडते.

डोलकाठी आखूड असून तिच्यावर दुसरी काठी सरकवून शीड चढवतात, त्यामुळे सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावतात. शर्यतींबरोबरच लांबच्या प्रवासालाही ती पुरली आहे: १९९७-९८ मध्ये ए. जे. मॅकिनन यांनी इंग्लंडमधून इंग्लिश खाडी ओलांडून युरोपातल्या नद्या-कालव्यांतून शीड आणि वल्ह्यांच्या बळावर काळा समुद्र गाठला.