घातक कचऱ्याच्या पहारेकऱ्याचा पगार कोण देतं?

१९५५ साली कॅलिफोर्निया राज्याच्या सेवेतल्या एका भूवैज्ञानिकाने रिव्हरसाइड काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एका खोऱ्यातल्या दगडखाणीची पाहणी केली. कारखान्यांमधून निघणारी आम्लं आणि रसायनांचं पाणी ओतायला राज्याला जागा हवी होती. त्याने अहवाल दिला की खोऱ्याच्या तळाचा खडक अभेद्य आहे, खाली काही झिरपणार नाही. खोऱ्याच्या नैसर्गिक भिंतींमध्ये २५० फुटांची एक मोकळी जागा होती. तिथे काँक्रीटचा बांध घातला की प्रदूषणाचा धोका उरत नाही, असं त्याने लेखी सांगितलं.

पुढच्याच वर्षी त्या खोऱ्यात टँकर रिकामे व्हायला लागले. १९७२ साली जागा बंद झाली तोवर तिथे ११ कोटी लिटरहून अधिक औद्योगिक कचरा ओतून झाला होता. दरम्यान कळलं होतं ते असं: तळाखाली ७० फुटांवर भूजलाचा थर होता आणि अहवालात त्याचा पत्ताच नव्हता. अभेद्य म्हटलेल्या खडकाला भेगा होत्या. बांधही पाणी अडवत नव्हता. १९६९ आणि १९७८ सालच्या मुसळधार पावसात कचरा साठवलेली तळी भरून वाहिली. १९७८ मध्ये तर बांध फुटून सगळंच खाली येईल या भीतीने सुमारे ३० लाख लिटर दूषित पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागलं. खाली ग्लेन एव्हन नावाची वस्ती होती.

या जागेचं नाव स्ट्रिंगफेलो. घातक कचऱ्याबद्दल वाचताना कंपन्यांचे अपराध पानोपानी भेटतात. इथे मात्र जागा निवडणारं, बांधाची आखणी करणारं आणि देखरेख ठेवणारं खुद्द राज्य सरकार होतं. १९९८ मध्ये केंद्रीय न्यायालयाने राज्याला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं. सफाईचा खर्च ७० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असं राज्यानेच पुढे विमा कंपन्यांविरुद्धच्या खटल्यात सांगितलं. १९५५ साली आणखी काही विंधणं खणून पाहायला याच्या तुलनेत किती पैसे लागले असते, हा विचार मला हे प्रकरण वाचल्यापासून सोडत नाही.

कारण नियमन म्हणजे शेवटी पाहणं. कुणीतरी जागेवर जाऊन पाहायचं, नमुना घ्यायचा, मोजायचं, नोंदवायचं. पाहणाऱ्याला पगार लागतो, प्रयोगशाळा लागते, गाडी लागते. तो पैसा कुठून येतो यावर तो काय पाहणार आणि काय त्याच्या नजरेतून सुटणार, हे बरंचसं ठरतं.

अमेरिकेत या कामाची उतरंड तीन पायऱ्यांची आहे. १९७६ साली केंद्राने रिसोर्स कन्झर्व्हेशन अँड रिकव्हरी अ‍ॅक्ट केला. बोलीभाषेत त्याला 'रिक्रा' म्हणतात. कचरा जन्मल्यापासून त्याची कायमची विल्हेवाट लागेपर्यंत त्याचा माग ठेवायचा, हा त्याचा गाभा. प्रत्येक खेपेबरोबर एक चलन, म्हणजे सोबतचा नोंदीचा कागद, जातं. कारखानदार, वाहतूकदार आणि कचरा घेणारं केंद्र असे तिघेही त्यावर सही करतात. सही झालेली प्रत ठरल्या मुदतीत परत आली नाही, तर कारखानदाराने शोध घेऊन सरकारला कळवायचं. २०१८ पासून ही चलनं इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही भरता येतात.

कायदा केंद्राचा असला तरी तो राबवायचा राज्यांनी. त्यासाठी राज्याचे नियम केंद्राइतके तरी कडक हवेत. जास्त कडक असले तर हरकत नाही. आयोवा आणि अलास्का ही दोन राज्यं सोडली तर सगळ्यांनी हे काम अंगावर घेतलं आहे. कॅलिफोर्नियाने स्वतःचा घातक कचरा कायदा १९७२ मध्येच, म्हणजे रिक्राच्या चार वर्षं आधी केला होता. १९९१ साली तिथे डिपार्टमेंट ऑफ टॉक्सिक सब्स्टन्सेस कंट्रोल हा स्वतंत्र विभाग झाला आणि १९९२ मध्ये त्याला केंद्राचा अधिकार मिळाला. तिसरी पायरी काउंटीची किंवा शहराची. गॅरेज, ड्रायक्लिनर, छपाईखाने अशा हजारो छोट्या ठिकाणी जाऊन तपासणी करतात ती हीच माणसं, पुष्कळदा अग्निशमन किंवा आरोग्य खात्यातली. त्यांचा खर्च स्थानिक परवाना शुल्कातून निघतो.

पण मुळात एखादी गोष्ट 'घातक' आहे हे ठरवायचं कसं? पैशाचा सगळा व्यवहार या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

काही कचऱ्यांची यादीच कायद्यात आहे. यादीत नसलेल्यासाठी चार कसोट्या: तो पेट घेतो का, धातू खाऊन टाकतो का, भडकून स्फोटक प्रतिक्रिया देतो का आणि त्यातून विष झिरपतं का. दुसरी कसोटी सोपी आहे. द्रवाचा सामू (pH) २ किंवा त्याहून कमी, नाहीतर १२.५ किंवा त्याहून जास्त निघाला की निकाल लागला. खरी गंमत चौथीत आहे. समजा, शिसं मिसळलेली माती आहे. तिच्यात शिसं किती आहे याआधी केंद्रीय चाचणी विचारते की पाऊसपाण्याने त्यातलं सुटून खाली किती जाईल. म्हणून १०० ग्रॅम माती घ्यायची, तिच्या वीसपट वजनाचं सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल घालायचं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. बाटली यंत्राला लावून मिनिटाला ३० फेरे या गतीने १८ तास उलटीपालटी करायची. मग गाळलेल्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त शिसं सापडलं तर माती घातक.

हा ५ चा आकडा आला कुठून? पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा तेव्हा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. झिरपलेलं पाणी विहिरीपर्यंत पोचताना शंभरपट पातळ होईल असं धरून तिला शंभराने गुणलं. पुढे १९९१ मध्ये पाण्याचा नियम बदलला आणि नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.०१५ मिलिग्रॅमहून जास्त शिसं सापडलं की कृती करणं भाग पडलं. कचऱ्याचा ५ मात्र जागचा हलला नाही.

कॅलिफोर्नियाची स्वतःची आणखी एक चाचणी आहे. तिच्यातही ५ हाच आकडा, पण आम्ल निराळं. इथे सायट्रेटचं द्रावण वापरतात, मातीच्या फक्त दहापट, आणि ४८ तास हलवतात. सायट्रेटचा रेणू धातूच्या आयनाला खेकड्यासारखा नांग्यांत धरतो, म्हणून त्याच मातीतून तो जास्त शिसं ओढून काढतो. शिवाय द्रावण कमी असल्याने तेवढंच शिसं जास्त दाट दिसतं. परिणाम असा की एकच माती केंद्राच्या चाचणीत सुटते आणि राज्याच्या चाचणीत घातक ठरते. अशा मातीचे ट्रक राज्याची सीमा ओलांडून अ‍ॅरिझोनात गेले की तिथल्या साध्या कचराभूमीत ती पुरता येते. मातीत काहीही बदललेलं नसतं; फक्त तिला विचारलेला प्रश्न बदललेला असतो.

आता पैसा. केंद्राचं अनुदान मिळतं, पण त्यात राज्याला आपला चौथा हिस्सा घालावा लागतो आणि एवढ्यावर कॅलिफोर्नियासारख्या राज्याचा गाडा चालत नाही. सर्वसाधारण करांतून पैसे घ्यावेत तर मंदी आली की पहिली कात्री अशाच खात्यांना लागते. म्हणून 'प्रदूषण करणाऱ्याने पैसे द्यावेत' हे तत्त्व पुढे आलं. कचरा निर्माण करणाऱ्यांवर शुल्क, प्रक्रिया केंद्रांवर शुल्क, जमिनीत पुरण्यावर शुल्क. हा पैसा वेगळ्या निधीत जमा व्हायचा आणि तिथूनच तपासनिसांचे पगार निघायचे.

तत्त्व न्याय्य आहे, माझा त्यावर विश्वासही आहे. पण त्याच्या पोटात एक पेच आहे. खात्याचं काम घातक कचरा कमी करणं. ते काम चांगलं झालं, कारखान्यांनी प्रक्रिया बदलल्या, कचऱ्याचे टन घटले, की खात्याचं उत्पन्नही घटतं. खर्च मात्र तेवढा घटत नाही. दहा टन कचरा असलेल्या कारखान्यात जाऊन तपासणी करायला जो वेळ लागतो, तोच जवळपास पाच टनांच्या कारखान्यालाही लागतो. आणि ज्या जुन्या जागांचे मालक दिवाळखोर झाले किंवा सापडतच नाहीत, तिथे तर शुल्क भरायला कुणीच नाही, पण पंप वर्षानुवर्षं चालू ठेवावे लागतात. दंडाच्या रकमेवर भिस्त ठेवावी तर ते आणखी वाईट. एका वर्षी मोठा खटला जिंकला म्हणून पैसे आले, पुढच्या वर्षी काहीच नाही. आणि पहारेकऱ्याचं पोट चोरीवर अवलंबून असणं कुणालाच परवडणारं नाही.

कॅलिफोर्नियात नेमकं हेच झालं. खात्याचे दोन्ही प्रमुख निधी वर्षानुवर्षं तुटीत गेले आणि विधिमंडळाला अधूनमधून ठिगळं लावावी लागली. २०२१ मध्ये सिनेट बिल १५८ या कायद्याने ही रचना मुळापासून बदलली. पूर्वी कचरा निर्माण करणाऱ्यांचे टप्पे पाडलेले होते आणि टप्प्याप्रमाणे ठरावीक रक्कम असायची. त्याऐवजी वर्षाला पाच टन किंवा जास्त कचरा काढणाऱ्या प्रत्येक जागेला टनामागे शुल्क लागू झालं. सुरुवातीचा दर होता ४९.२५ डॉलर. शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांवर वेगळं पर्यावरण शुल्क आहे, मग त्या कंपनीतून घातक कचऱ्याचं एकही पिंप निघत नसलं तरी. हे काहींना जाचक वाटतं. मला त्यात तथ्य दिसतं: ट्यूबलाइट, बॅटऱ्या, रंग, सॉल्व्हंट वापरत नाही असं ऑफिस दाखवणं कठीण आहे, आणि त्या वस्तू बनताना कचरा कुठेतरी निघालेलाच असतो.

याच कायद्याने पाच सदस्यांचं बोर्ड ऑफ एन्व्हायर्नमेंटल सेफ्टी नेमलं. शुल्काचे दर हे मंडळ जाहीर बैठकीत ठरवतं आणि परवान्यांविरुद्धची अपिलंही त्याच्यापुढे येतात. पूर्वी दर वाढवायचा तर विधिमंडळात कायदाच बदलावा लागे. मला यातला 'जाहीर बैठकीत' हा शब्द सगळ्यांत मोलाचा वाटतो. कारखान्याशेजारी राहणारी बाई तिथे जाऊन तीन मिनिटं बोलू शकते आणि तिचं बोलणं नोंदीत जातं.

तिचं बोलणं किती वर्षं ऐकलं गेलं नाही, याचं उदाहरण लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनपासून काही मैलांवर, व्हर्नन इथे आहे. तिथे १९२२ पासून शिसं वितळवण्याचा कारखाना होता. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं परत मिळवायचं, हा त्याचा धंदा. २००० पासून तो एक्साइड कंपनीकडे होता. १९८१ साली या कारखान्याला तात्पुरता परवाना मिळाला. पूर्ण परवान्यासाठी सखोल छाननी व्हायची होती. ती तीन दशकं उलटली तरी पूर्ण झाली नाही आणि कारखाना तात्पुरत्या कागदावर चालत राहिला. २०१३ मध्ये हवेची जबाबदारी असलेल्या वेगळ्याच यंत्रणेने, साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टने, दाखवून दिलं की इथल्या आर्सेनिकमुळे एक लाखाहून जास्त लोकांचा कर्करोगाचा धोका वाढला आहे. २०१५ मध्ये कंपनीने केंद्रीय वकिलांशी समझोता केला. गळक्या ट्रेलरमधून घातक कचरा नेल्यासारखे गुन्हे तिने कबूल केले आणि कारखाना कायमचा बंद झाला.

धुराड्यातून उडालेलं शिसं मात्र आसपासच्या अंगणांत बसलं होतं. कारखान्याभोवती १.७ मैलांच्या टप्प्यात सुमारे १०,००० जागा, त्यातली बहुतेक घरं. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, त्याचं दुसऱ्या कशात रूपांतर होत नाही. मातीतल्या फॉस्फेट, कार्बोनेट आणि सेंद्रिय पदार्थांना ते चिकटतं आणि वरच्या काही इंचांतच राहतं, म्हणजे बरोबर तिथे, जिथे रांगणारं मूल हात टेकतं आणि तो हात तोंडात घालतं. निवासी मातीसाठी कॅलिफोर्नियाची तपासणी-पातळी किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. मुलाच्या रक्तातल्या किती थोड्या शिशाने बुद्धीवर परिणाम होतो हे लक्षात घेऊनच ती काढली आहे.

घातक कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक परवानाधारक कारखान्याने किंवा प्रक्रिया केंद्राने बंद झाल्यानंतरच्या सफाईसाठी आधीच हमी ठेवायची असते: विश्वस्त निधी, विमा किंवा बाँड. कचरा पुरलेल्या जागेसाठी तर बंद झाल्यापासून ३० वर्षांच्या देखभालीची. पण ही हमी कुंपणाच्या आतल्या कामाच्या अंदाजावर काढलेली असते. दोन मैलांवरचं अंगण त्या अंदाजात धरलेलं नसतं. २०१६ मध्ये राज्याने आपल्या सर्वसाधारण निधीतून १७ कोटी ६६ लाख डॉलर कर्जाऊ काढून घरांची सफाई सुरू केली, पुढे आणखी पैसे घालावे लागले. २०२० मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने कंपनीला ती जागा सोडून जायची मुभा दिली.

मग पैसा कुठून? २०१६ च्या एका कायद्याने एप्रिल २०१७ पासून राज्यात शिशाची बॅटरी विकत घेणाऱ्यावर एक डॉलर आणि उत्पादकावर एक डॉलर असं शुल्क बसवलं. २०२२ मध्ये ग्राहकाचं शुल्क दोन डॉलर झालं. गाडीची बॅटरी बदलायला आलेला माणूस पावतीवरच्या त्या ओळीकडे बहुधा बघतही नाही. त्या पैशातून व्हर्ननच्या आसपासच्या अंगणांतली माती १८ इंचांपर्यंत खणून काढतात, नवी माती भरतात आणि वर हिरवळ लावून देतात. खणलेली मातीही कचराच असल्यामुळे ती कुठल्या जागी पुरायची हे आधी ठरवावं लागतं, म्हणजे तिचा नमुना प्रयोगशाळेत जातो, सायट्रेटच्या बाटलीत ४८ तास हलवायला.