फेज आणि पोलॅरिटी : सब आणि लाइन अ‍ॅरे जुळवताना होणारी गल्लत

मिक्सरच्या चॅनेलवर वर्तुळावर तिरपी रेघ मारलेले एक छोटे बटण असते आणि ठाण्यापासून वाशीपर्यंत आम्ही सारे साउंडवाले त्याला ‘फेज’ म्हणतो. हे नावच चुकीचे आहे. ते बटण फेज सरकवत नाही, पोलॅरिटी उलटवते. आणि मैदानात लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक जोडलेल्या स्पीकरांची रांग) वर टांगून सब (फक्त खर्जाचे स्पीकर) खाली जमिनीवर मांडले की या एका नावापायी साउंडचेकची अर्धी दुपार वाया जाऊ शकते.

पोलॅरिटी म्हणजे निव्वळ चिन्ह. धन विद्युतदाब ऋण होतो, ऋण असेल तो धन होतो, आणि स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) ज्या क्षणी बाहेर यायचा त्याच क्षणी आत जातो. यात वेळेचा संबंध नाही : ३० हर्ट्झ असो की ३,००० हर्ट्झ, सगळे जागच्या जागी सारखेच उलटते. फेज म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते, अंशांत मोजलेले. दोन लहरींच्या फेजमधला फरक बहुधा वेळेतून येतो आणि म्हणून तो प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. ८० हर्ट्झच्या एका आवर्तनाला साडेबारा मिलिसेकंद लागतात, त्यामुळे सव्वासहा मिलिसेकंदांचा डिले दिला तर तिथे १८० अंशांचे अंतर पडते. पण तोच डिले ४० हर्ट्झवर ९० अंशच भरतो, आणि १६० हर्ट्झवर ३६० अंश, म्हणजे लहरी पुन्हा जुळलेल्या. गल्लत होते ती यामुळेच, कारण ८० हर्ट्झचा एकच सूर लावून ऐकत बसलो तर उलटी पोलॅरिटी आणि सव्वासहा मिलिसेकंदांचा उशीर यांतला फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही.

मला तो कळला घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलाच्या पटांगणात, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राच्या दिवशी. भाड्याने आणलेले चार सब स्टेजसमोर ओळीत ठेवले होते आणि किक (ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाचा ठोका) काही केल्या छातीवर येत नव्हती. मी प्रोसेसरवर एकेक मिलिसेकंद डिले वाढवत गेलो, मग सबचा फेडर वर सारला. अ‍ॅम्प्लिफायरवर लिमिटरचे लाल दिवे लुकलुकू लागले, पण बेस होता तिथेच राहिला. शेवटी केबल आवरणारा मुलगा म्हणाला, “दादा, हा तिसरा बंद केला की बेस वाढतोय.” तो डबा उघडून टर्मिनलला नऊ व्होल्टची बॅटरी लावली, धनाला धन, तर कोन बाहेर येण्याऐवजी आत गेला. रिकोन करताना, म्हणजे कोन बदलताना, कुणीतरी तारा उलट्या जोडल्या होत्या. चारांतला एक सब उलटा असला की तीन उरतात असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात दोनच उरतात, कारण उलटा सब एका सुलट्यालाही खाऊन टाकतो. म्हणजे सहा डेसिबल गेले. चारही सब एकाच डिलेवर असल्याने तो डिले कितीही फिरवला तरी ही तूट भरून निघणार नव्हती. उपाय दोन तारांची अदलाबदल, बस्स. (बॅटरीच्या चाचणीतही एक मेख आहे. जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरांत लाल टर्मिनलला धन लावल्यावर कोन आतच जातो, तेव्हा डब्यावरचे नाव आधी वाचावे.)

आता याच्या उलट प्रकार पाहू, जिथे तारा सगळ्या बरोबर असतात आणि तरीही सब आणि टॉप (वरचा अ‍ॅरे) भांडतात. समजा, अ‍ॅरेचा मध्य जमिनीपासून सात मीटरवर आहे, सब त्याच्याच खाली आहेत, श्रोत्याचा कान दीड मीटरवर आणि सबचा मध्य अर्ध्या मीटरवर. आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. पाच मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला सब अ‍ॅरेपेक्षा २.३३ मीटर जवळ पडतो, म्हणजे सबचा आवाज ६.७ मिलिसेकंद आधी पोहोचतो. पंधरा मीटरवर हा फरक २.७ मिलिसेकंद होतो आणि तीस मीटरवर जेमतेम १.४. पुढच्या रांगेत उभे राहून ८० हर्ट्झ ऐकणाऱ्याला हे ६.७ मिलिसेकंद बरोबर उलट्या पोलॅरिटीसारखे वाटतात. तो बटण दाबतो, पुढे बेस येतो, तो खूश होतो. आणि तीस मीटरवर, जिथे लहरी चाळीस अंशांच्या आत जुळल्या होत्या, तिथे त्याच बटणाने खड्डा पडतो.

इथे योग्य उपाय डिले हाच आहे, पण तो सगळीकडे एकदम बरोबर बसत नाही हे मान्य करूनच द्यावा लागतो. पंधरा मीटरवर जुळवायचे ठरवून सबला २.७ मिलिसेकंद दिले, तर ८० हर्ट्झवर पुढच्या माणसाला सुमारे ११५ अंशांचा फरक उरतो आणि मागच्याला ३८ अंशांचा. सारख्या पातळीच्या दोन लहरींची बेरीज १२० अंशांपर्यंत एकट्या लहरीपेक्षा कमी होत नाही, म्हणून हा सौदा मला परवडतो. पुढच्या रांगेसाठी जुळवून मागच्या गर्दीला उपाशी ठेवण्यापेक्षा तो नक्कीच बरा. मात्र हा सारा हिशेब निव्वळ अंतराचा आहे. सबवरचे तीव्र फिल्टर स्वतःच उशीर लावतात, आणि कधी कधी तो इतका असतो की जवळ असूनही सबच मागे राहतो आणि डिले वरच्या अ‍ॅरेला द्यावा लागतो.

ते बटण निकामी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या, आज लिंकविट्झ-रायली नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रॉसओव्हरचा (खालचा आवाज सबला आणि वरचा अ‍ॅरेला वाटून देणाऱ्या फिल्टरांचा) उतार ऑक्टेव्हला २४ डेसिबल असेल तर दोन्ही बाजू एकाच फेजमध्ये राहतात आणि क्रॉसओव्हरवर सहा-सहा डेसिबल खाली येऊन बेरीज सपाट होते. उतार १२ डेसिबलचा निवडला तर दोन्ही बाजूंत सर्व फ्रिक्वेन्सींना १८० अंशांचा फरक पडतो. फरक सगळीकडे सारखाच असल्यामुळे इथे बटण दाबणे हेच नेमके उत्तर आहे, आणि इथे डिले देणे चूक.

मापनाच्या माइकने हा निवाडा दोन मिनिटांत होतो. आधी फक्त अ‍ॅरे, मग फक्त सब वाजवून दोघांच्या फेजच्या रेषा स्क्रीनवर एकमेकींवर ठेवाव्या. क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ६० ते १२० हर्ट्झमध्ये, दोन्ही रेषा समांतर असून त्यांच्यात सगळीकडे १८० अंश असतील तर ती पोलॅरिटी. रेषांचा उतारच वेगळा असेल, एक दुसरीपेक्षा झपाट्याने खाली घसरत असेल, तर आधी डिलेने उतार जुळवावा आणि मग बटणाकडे पाहावे. हा क्रम उलटा केला की गुंता होतो.

लॅपटॉप नसेल तर जुनी युक्ती आहे : मैदानाच्या मध्यावर उभे राहून ८० हर्ट्झचा सूर लावावा, सब आणि अ‍ॅरे एकसारख्या पातळीवर आणावेत, सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटवावी आणि आवाज सर्वांत जास्त कुठे दबतो ते डिले फिरवत शोधावे. ती जागा सापडली की पोलॅरिटी पुन्हा सुलटी करावी. फक्त हा सूर दर साडेबारा मिलिसेकंदांनी स्वतःचीच पुनरावृत्ती करतो, त्यामुळे २.७ ऐवजी १५.२ मिलिसेकंदांवरही तो तसाच दबेल. म्हणून सापडलेला आकडा फितीने मोजलेल्या अंतराशी ताडावा आणि मग नुसती किक वाजवून तिचा ठोका एकच ऐकू येतो की दोन, हे पाहावे.