माळवदापासून 'बायोफिलिया'पर्यंत

सोलापुरात नव्या बंगल्यांच्या जाहिरातींत आता 'निसर्गस्नेही', 'बायोफिलिक' हे शब्द दिसतात. यातला दुसरा शब्द 1984 मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी लोकांपर्यंत नेला. माणसाला सजीव सृष्टीची उपजत ओढ असते, एवढाच त्याचा आशय. निसर्गाकडून रचना शिकावी, हा विचार त्याच्याच जवळचा. वारुळात हवा कशी खेळते हे पाहून वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी झिम्बाब्वेच्या हरारे शहरात ईस्टगेट ही इमारत रचली आणि 1996 मध्ये ती उभी राहिली. त्याआधी केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी स्थानिक विटा, चुना आणि जाळीच्या भिंती वापरून स्वस्त, गार घरं बांधली होती.

आपल्याकडे हा विचार शब्दांवाचून जगत होता, माळवदाच्या घरात. पाऊस बेताचा आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, म्हणून उतरत्या कौलांपेक्षा सपाट मातीचं छत इथं सोयीचं. तुळयांवर किलचनं म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि वर पांढऱ्या मातीचा थर. मृगाआधी घरातली माणसं वर चढून तो थर नव्यानं चोपायची. उजेडाला छतातली भोकं म्हणजे सवणं, पाण्याला पन्हाळ. दोन-तीन फूट जाड भिंत दिवसभर ऊन पिऊन घ्यायची आणि आत गारवा टिकायचा. घर बांधायचं बहुतेक सामान गावशिवारातूनच आलेलं असे. मला हे घर फार शहाणं वाटतं.

मग ते मागे का पडलं? सिमेंट आणि पत्रा स्वस्त झाले, दरवर्षी माती चोपायला घरात हात उरले नाहीत. पण मोठा घाव बसला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि छताखाली. सोलापूर जिल्ह्यालाही तो धक्का जाणवला आणि माळवदाखाली झोपायची भीती गावोगाव बसली. ती भीती खोटी नव्हती, मात्र सगळा दोष मातीवर गेला, हे मला अन्यायाचं वाटतं. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड अनेक ठिकाणी नव्हते, आणि वर्षानुवर्षं माती टाकून छत जड झालं होतं. लाकडी खांबांवर तोललेली काही छतं मात्र भिंती ढासळल्या तरी उभी राहिली.

त्यानंतर अभियंत्यांनी छतावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे आधार द्या, असे उपाय सुचवले. पण तोवर लोकांच्या मनात स्लॅब पक्का झाला होता. आता त्याच स्लॅबवर उन्हाळ्यात चुन्याचा हात मारतात, संध्याकाळी पाणी शिंपडतात आणि खाली कूलर लावतात.