खुर्चीत बसल्या बसल्या ‘गाडी लागते’ तेव्हा

मराठीत गाडी ‘लागते’ आणि बोटही ‘लागते’. पण आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा, हेडसेट डोळ्यांवर चढवून खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसाला जे होते, त्याला आपण अजून वेगळे नाव दिलेले नाही. लक्षणे मात्र तीच असतात. घाम फुटतो, तोंडात सारखे पाणी येते, पोटात ढवळू लागते आणि हेडसेट उतरवल्यावरही काही वेळ डोके जड राहते. यावर दोन स्पष्टीकरणे हमखास ऐकू येतात : एक तर त्या माणसाचे पोट नाजूक आहे, किंवा हेडसेट स्वस्तातला आहे. यांपैकी पहिले चुकीचे आहे आणि दुसरे अर्धेच खरे आहे.

या त्रासाचे मूळ पोटात नसून कानात आहे. दोन्ही आंतरकर्णांत प्रत्येकी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव जडत्वामुळे किंचित मागे राहतो, आणि त्या दाबाने वाकणाऱ्या सूक्ष्म केसांवरून मेंदूला वळण्याची दिशा व वेग कळतो. त्यांच्याच शेजारी कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. सरळ रेषेतील त्वरण आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा यांची बातमी ते देतात.

कान आणि डोळे यांचे नाते किती घट्ट आहे, हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. वर्तमानपत्र हातभर अंतरावर धरून डोके स्थिर ठेवावे आणि कागद भराभर डावीउजवीकडे हलवावा, अक्षरे पुसट होतात. आता कागद स्थिर ठेवून तितक्याच वेगाने डोके हलवावे. अक्षरे बिनचूक वाचता येतात. डोळ्यांच्या दृष्टीने दोन्ही हालचाली सारख्याच आहेत. फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी कानाने डोके वळल्याचे कळवले आणि डोळ्यांचे स्नायू बुबुळे नेमकी उलट दिशेला फिरवून मोकळे झाले. या प्रतिक्षिप्त क्रियेत कानापासून डोळ्याच्या स्नायूपर्यंत अवघ्या तीन चेतापेशींची साखळी असते आणि सारे काम सुमारे १० मिलिसेकंदांत उरकते. स्वतः दृष्टीला प्रतिमेवरून हालचाल ओळखायला याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणून तर निसर्गाने हे काम कानाकडे सोपवले असावे, असे मला वाटते.

आता हेडसेट चढवा. डोके वळते, संवेदक ते टिपतात, संगणक नवे दृश्य रेखाटतो आणि ते पडद्यावर उमटते. समजा, डोके सेकंदाला १०० अंश या वेगाने वळत आहे, म्हणजे आपण हाक ऐकून वळतो तितपत. आणि दृश्य ५० मिलिसेकंद उशिरा आले. तेवढ्यात डोके ५ अंश पुढे गेलेले असते. आकाशात चंद्राची रुंदी अर्धा अंश दिसते हे लक्षात घेतले, तर समोरची आभासी भिंत दहा चंद्रांएवढी जागेवरून सरकलेली असते. कानाने डोळ्यांना बिनचूक आज्ञा दिलेली असते, पण जगच ठिकाणावर नसते. हा विलंब २० मिलिसेकंदांखाली आणावा, असा संकेत म्हणूनच रूढ झाला. आजचे चांगले हेडसेट सेकंदाला ९० किंवा अधिक चित्रे दाखवतात, डोके पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज बांधतात आणि तयार चित्र अगदी शेवटच्या क्षणी योग्य बाजूला सरकवून घेतात. महाग हेडसेटचा फायदा आहे तो हा.

मात्र पैशाने न सुटणारा भाग पुढे आहे. स्थानकात शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी मागे चालल्याचा भास होतो. दृष्टीच्या कडेकडेने मोठे दृश्य वाहू लागले की मेंदू स्वतःलाच गतिमान समजतो. आभासी रोलरकोस्टर याच भासावर चालतो. डोळे सांगतात ‘कोसळतो आहोत’, तर कान सांगतो ‘खुर्चीत आहोत’, आणि कानाचेच खरे असते. पडदा जितका विशाल आणि जिवंत, तितका हा विसंवाद तीव्र. त्यामुळे ‘आमच्या नव्या तंत्राने मळमळ संपली’ अशी जाहिरात दिसली, तर आधी तो खेळ माणसाला जागचा न हलवता पळवतो का, हे विचारावे.

या विसंवादातून उलटीच का व्हावी? मानसशास्त्रज्ञ मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ साली असा तर्क मांडला की, उत्क्रांतीच्या काळात इंद्रियांच्या साक्षी न जुळण्याचे एक कारण विषबाधा हे होते, म्हणून मेंदू पोट रिकामे करू पाहतो. तर्क आकर्षक असला तरी सिद्ध झालेला नाही. त्रासाचे मूळ विसंवादात नसून शरीराचा तोल ढळण्यात आहे, असे मानणारा संशोधकांचा एक गटही आहे. कानाचा सहभाग मात्र जुन्या पुराव्याने पक्का आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली ५१९ कर्णबधिरांची पाहणी केली, तेव्हा गरगर फिरवूनही १८६ जणांना मुळीच चक्कर आली नाही. ज्यांच्या दोन्ही आंतरकर्णांचे हे गती टिपण्याचे कार्य पूर्ण थांबलेले असते, त्यांना वादळी समुद्रातही बोट लागत नाही. तेव्हा ज्याला मळमळते, त्याचा कान ठणठणीत आहे असे समजायला हरकत नाही. घाटात गाडी लागू नये म्हणून अंगाखाली वर्तमानपत्र घेऊन बसणाऱ्यांनी तो कागद कानाला काय सांगतो, याचा एकदा विचार करावा.

उपायही याच यंत्रणेतून निघतात. ज्या खेळात आपण खरोखर चालतो किंवा उभ्या जागी वळतो, तेथून सुरुवात करावी. लांब जायचे असल्यास सरकत जाण्याऐवजी एकदम तेथे प्रकट होण्याची सोय निवडावी. वळतानाही ठरावीक अंशांच्या झटक्याने वळावे, कारण वाहते दृश्य नसेल तर गतीचा भासही होत नाही. हालचालीच्या वेळी दृश्याच्या कडा काळ्या करण्याची युक्ती याच कारणाने लागू पडते. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली ती तपासून पाहिली होती. वैमानिकाच्या कक्षासारखी स्थिर चौकट भोवती असली तरी अनेकांना बरे वाटते. भिंगांमधले अंतर आपल्या बुबुळांमधील अंतराशी जुळवून घ्यावे. प्रौढांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते.

पहिली सत्रे पाच-दहा मिनिटांचीच ठेवावीत आणि घाम किंवा जांभई येताच हेडसेट काढावा. नेटाने रेटत राहिल्यास सवय होण्याऐवजी धसका बसतो. गाडी लागण्यावरच्या गोळ्या झोप आणतात, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. नव्या नंबरचा चश्मा लागल्यावर दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, कारण कान-डोळ्यांचा तो करार मेंदू नव्याने लिहीत असतो. हेडसेटमध्येही तो थोडाफार बदललेला असतो आणि पूर्वपदावर यायला वेळ घेतो. तोवर दुचाकीची किल्ली हातात घेऊ नये.